न दुखणारा गुडघा

हेलिकॉप्टर गावाच्या वरच्या अंगाला, बटाट्याच्या वावरात उतरलं. उर्केनने आधी उजवा पाय खाली टेकला. मग त्याला आठवलं आणि घाईघाईने त्याने त्या पायावरचा भार काढून घेतला. बांधावर सगळं फोर्त्से गाव उभं होतं, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळे त्याच्यामागून उतरवल्या जाणाऱ्या निळ्या पिशवीकडे बघत होते.

पिशवीत नामग्याल होता. उर्केनच्या बायकोचा धाकटा भाऊ.

उर्केन लंगडत बांधापर्यंत गेला. शेजारची म्हातारी आंग फुती पुढे आली, तिने त्याच्या गळ्यात मानाचं पांढरं कापड, खादा, घातला आणि खाली वाकून दोन्ही हातांनी त्याचा उजवा गुडघा धरला.

"ह्याच गुडघ्यानं वाचवलं रे तुला," ती म्हणाली. "तुझ्या बायकोनं धरला असणार हा. वरनं हात घालून धरला आणि म्हणाली, तू कुठं निघालास? बस खाली."

आजूबाजूच्या बायका रडायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, खरंय, माघात गेली बिचारी, पण नवऱ्यावर लक्ष आहे तिचं. म्हातारीने गुडघ्याला कपाळ लावलं. उर्केनला कुठे तोंड लपवू असं झालं. त्याने म्हातारीला दंडाला धरून उठवलं आणि मान खाली घालून तो तसाच उभा राहिला.

त्याच्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं.

*

झालं होतं ते असं.

बेस कॅम्पवरून पहिल्या कॅम्पला जाणारी वाट फुटक्या, सरकत्या बर्फातून वर चढते. तिला सगळे आइसफॉल म्हणतात. भेगांवर शिड्या टाकलेल्या असतात, चढाला दोर बांधलेले असतात, आणि डाव्या अंगाला पहाडाच्या खांद्यावर बर्फाचा कडा लोंबत असतो. त्याच्याखालून जाताना कुणी बोलत नाही आणि कुणी रेंगाळत नाही. परदेशी पाहुणे तिथून मोसमात एकदोनदा जातात. त्यांचे तंबू, गॅसची नळकांडी, दोर आणि खाणं घेऊन शेर्पा रोज जातात.

उर्केन त्या वाटेवर म्हातारा व्हायला आला होता. छामजी गेल्यानंतरचा हा त्याचा पहिलाच मोसम. तिच्या छातीत पाणी झालं होतं. सबंध हिवाळा तो तिच्या उशाशी बसून होता, तिला उठवून बसवत होता, लोणी-मिठाचा चहा घोट घोट पाजत होता. ती गेल्यावर घरात बसवेना, म्हणून तो वर आला. पण अंगात पहिल्यासारखा जोर नव्हता. एके दिवशी लांब शिडीच्या मधोमध त्याचे पाय अडकल्यासारखे झाले. शिडीखालच्या काळ्या भेगेत त्याने जन्मात कधी डोकावलं नव्हतं, ते त्या दिवशी डोकावलं. उरलेली शिडी त्याने हातापायांवर पार केली. मागच्या पोरांनी ते बघितलं.

संध्याकाळी किचनच्या तंबूत सगळे चहा पीत बसले होते.

"काका आज शिडीवर रांगत होते," फुरी म्हणाला. "मला वाटलं काही पडलंय, ते शोधतायत."

"दात पडला असेल," दुसरा म्हणाला.

"माझे दात मोजून बघ," उर्केन म्हणाला. "तुझ्या बापापेक्षा जास्त निघतील."

सगळे हसले. उर्केनही हसला. सरदार ग्याल्जेन तेवढा हसला नाही. तो उर्केनहून चार वर्षांनी लहान होता आणि टोळीतल्या माणसांची कामं तोच ठरवायचा. तो चुलीकडे बघत हळूच म्हणाला, "दादा, पुढच्या वर्षी तुम्ही किचन सांभाळा. उबेला बसा. इतकी वर्षं वर काढलीत, आता कोण नावं ठेवणार आहे तुम्हाला?"

हे त्याने मायेनेच म्हटलं होतं. पण पोरांचं हसणं उर्केनला लागलं नाही तेवढी ती माया लागली.

"सरदार, दाजींना किचनमध्ये बसवाल तर आम्ही उपाशी मरू," नामग्याल म्हणाला. "ह्यांना पाणीसुद्धा उकळता येत नाही. आमची ताई होती म्हणून जगले हे."

पुन्हा हशा झाला. मग आपण काय बोलून गेलो ते नामग्यालच्या ध्यानात आलं आणि तो पेला तोंडाला लावून गप्प झाला. थोड्या वेळाने उठून त्याने उर्केनच्या पेल्यात स्वतःच्या हाताने चहा ओतला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी ते आठ जण निघाले; ग्याल्जेन बेस कॅम्पवरच थांबला. दगडांच्या चौथऱ्यावर धुपीच्या झाडाच्या ओल्या, वासाच्या फांद्या टाकल्या, धूर वर गेला, प्रत्येकाने लामाने मंतरलेल्या तांदळाची चिमूट खिशात घातली. उर्केन सगळ्यांत पुढे होता. सर्वांत मोठ्याने पुढे चालायचं, ही रीतच आहे.

थंडी नव्हती. पहिल्या दोराला हात घातला तेव्हाच त्याला ते जाणवलं. ह्या वेळी दोर काठीसारखा कडक असायला हवा. तो ओला होता आणि हातात वाकत होता. पुढे शिड्यांच्या गाठीही मऊ लागल्या. पहाडाच्या डाव्या खांद्याखालच्या सपाटीच्या अलीकडे ते दम खायला थांबले, तेव्हा तो वाकला आणि त्याने बर्फाला कान लावला. आत पाणी वाहत होतं. पहाटेच्या वेळी आत पाणी वाहत होतं.

त्याने वर बघितलं. नुकतं फटफटत होतं. लोंबत्या कड्यावर काल नव्हती अशी एक निळी रेघ दिसत होती, आणि तिच्याखालून बर्फाचा बारीक चुरा गळत होता, कुणीतरी बसून धान्य पाखडत असल्यासारखा.

त्याच्या बापाच्या वेळी अशा जागी कुणी काही बोलत नसे. पडेल, कोसळेल, असलं काही तिथे तोंडातून काढायचं नसतं. वर बसलेली पहाडाची आई ऐकते आणि म्हणते, बरं, तुम्हाला तसंच हवं असेल तर तसं. म्हणून मोठा माणूस फक्त पाठीवरचं ओझं खाली ठेवायचा आणि त्यावर बसायचा. बसला म्हणजे बसला. मागचे थोडा वेळ उभे राहायचे, मग एकेक करून वळायचे. कुणी का म्हणून विचारत नसे, खाली गेल्यावरही नाही. उर्केनच्या बापाने आयुष्यात दोनदा असं ओझं ठेवलं होतं. दोन्ही वेळा कडा पडला नाही. त्यावरून त्याला कधी कुणी टोमणा मारला नाही.

उर्केनने ओझं खाली ठेवलं आणि तो त्यावर बसला.

मागचे थांबले. कुणी काही बोललं नाही. फुरीने एकदा वर बघितलं आणि कपाळावरचा नाम्लो, ओझ्याचा पट्टा, सैल केला. आणखी थोडा वेळ तो तसाच बसला असता तर सगळे वळले असते. ते वळण्याच्या बेतात आले होते, हे त्याला दिसत होतं.

नामग्याल पुढे आला. "काय झालं, दाजी?"

त्याने सरदारासारखं विचारलं नाही. घरच्या माणसाने विचारावं तसं विचारलं. ह्या माणसाची बायको जाऊन फार दिवस झाले नाहीत, हा असा मध्येच बसला तर विचारायला हवं, म्हणून विचारलं. उर्केनने उत्तर द्यायला नको होतं. नाहीतर खाली चला म्हणायला हवं होतं. पण नामग्यालच्या मागे सहाही जणांच्या डोक्यावरचे दिवे त्याच्या तोंडावर रोखलेले होते. त्या उजेडात त्याला शिडी आठवली. उबेला बसा, हे आठवलं. म्हातारा घाबरला, असं अजून कुणी म्हटलं नव्हतं, पण ते त्याला ऐकू आलं.

"गुडघा," तो म्हणाला. "उजवा गुडघा धरलाय."

सगळ्यांनी श्वास सोडला. गुडघाच ना! फुरीने नाम्लो पुन्हा कपाळावर घट्ट ओढला.

"काका, किचनमध्ये जाऊन शेका," तो म्हणाला. "आणि आमच्यासाठी चहा टाका."

नामग्याल त्याच्यासमोर गुडघ्यावर बसला. पँटवर चढवलेली काळी नी-कॅप त्याने आपल्या पायातून ओढून काढली. ती त्याने ह्या वर्षी काठमांडूहून आणली होती आणि सगळ्यांना दाखवत फिरला होता. "घाला ही. उतरताना आधार होईल. मी काय, असाही चालतो." त्याने ती उर्केनच्या पायात स्वतः चढवली, वर ओढून नीट बसवली. मग उर्केनच्या ओझ्यातलं दोराचं वेटोळं काढून आपल्या ओझ्यावर बांधलं. "हे आजच वर पोचायला हवंय. तुम्ही जा. संध्याकाळी बटाट्याच्या रोट्या करून ठेवा. आणि करपवू नका."

उर्केन उतरायला लागला. वरून कुणी बघत असेल म्हणून तो लंगडत उतरला. वळण येईपर्यंत लंगडला. वळण ओलांडल्यावर तो थांबला, परत जाऊन सांगावं म्हणून दोन पावलं मागे फिरला, आणि तेवढ्यात वर कडकड असा आवाज झाला. वारा आला. सगळीकडे पांढरं झालं. त्याने तोंड दोन्ही हातांत झाकून घेतलं. तोंडावर काय येतंय, दगड की बर्फ, ते त्याला कळेना.

ते थांबलं तेव्हा तो पळत वर गेला. दोन्ही पायांनी पळत गेला. ते पाहायला तिथे कुणी नव्हतं.

खालून माणसं आली तेव्हा तो गुडघे टेकून हातांनी बर्फ उकरत होता. चौघे गेले होते. फुरीचा हात मोडला होता, बाकीचे दोघे कडेला फेकले गेले म्हणून वाचले. उर्केनला उठवताना कुणीतरी ओरडलं, "त्यांचा गुडघा गेलाय, धरा त्यांना." दोघांनी त्याच्या काखेत हात घातले. आणि उर्केन लंगडत चालला. त्या वेळी तो सरळ चालला असता तर तेव्हाच सगळं उघडं झालं असतं. पण तो लंगडला. त्यानंतर न लंगडण्याची संधी पुन्हा आली नाही.

*

गावात पुढचे दिवस त्याला गुडघ्याबरोबर काढावे लागले. बायका तेल घेऊन यायच्या. कुणी याकचं लोणी तापवून आणायचं, कुणी कसल्या मुळीचा लेप. पोरं त्याच्या पायाकडे बघायची. चुलीजवळ एकटा बसला असतानाही तो उजवा पाय लांब करून बसायचा, कारण दार केव्हा उघडेल त्याचा नेम नव्हता. छामजीची जागा चुलीच्या पलीकडे होती. तिकडे बघायचं तो टाळायचा. ती असती तर पहिल्या दिवशीच म्हणाली असती, हे काय नाटक लावलंय?

नामग्यालला त्याच्याच घरात, देवाच्या खोलीत बसतं करून पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवलं होतं. त्याचं नाव कुणी घेत नव्हतं. गेलेल्याचं नाव घेतलं की त्याचा पाय घरात घुटमळतो. सगळे नुसतं 'तो' म्हणत. त्याची बायको यांगजी चुलीशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला चहा देत होती. तिने उर्केनला पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारला होता, "तुम्हाला शेवटचं काय म्हणाला?" उर्केनने सांगितलं, "रोट्या करपवू नका म्हणाला." ती हसली होती आणि मग तोंडाला एप्रनचं टोक लावून बाहेर गेली होती.

वरच्या मठातून, गोंपातून, लामा आला. त्याने गेलेल्याचं जन्मवर्ष विचारलं, मृत्यूची वेळ विचारली, आणि डोळे मिटून बोटांच्या पेरांवर गणित केलं. खोलीत गावातले बहुतेक पुरुष बसले होते.

"आज दुपारी न्यायचं," लामा म्हणाला. "बैलाच्या वर्षात जन्मलेल्या माणसाने उचलायचा. पाठीवर. वरच्या टेकडीपर्यंत त्यानेच न्यायचा, मध्ये बदली चालणार नाही."

बैलाचं वर्ष बारा वर्षांनी एकदा येतं. लोक आठवायला लागले. बैलाच्या वर्षाचा फुरी होता. तो हात गळ्यात अडकवून काठमांडूच्या दवाखान्यात होता. म्हातारा कुसांग होता. त्याला डोळ्यांनी दिसत नव्हतं.

"आणि उर्केनदादा," ग्याल्जेन म्हणाला.

सगळ्यांनी उर्केनच्या गुडघ्याकडे बघितलं. नामग्यालची नी-कॅप अजून त्यावर होती.

"त्यांना कसं सांगायचं?" ग्याल्जेनच पुढे म्हणाला. "पाय टेकत नाही त्यांचा."

"मग खुमजुंगहून माणूस बोलवा," लामा म्हणाला. "आज निरोप गेला तर उद्या येईल. पण उद्याचा दिवस चांगला नाही. परवा न्यावं लागेल. तोवर देह घरात राहील."

आधीच उशीर झाला होता. बर्फातून बाहेर काढायलाच वेळ गेला होता. आता घरात उबेला आणखी दोन दिवस म्हणजे काय, ते सगळ्यांना समजत होतं.

"राहू दे," चुलीकडून यांगजी म्हणाली. "मी बसते त्याच्याजवळ. दाजींना त्रास देऊ नका. त्याने आपल्या पायातलं काढून त्यांना दिलं, ते त्यांचा पाय वाचावा म्हणूनच ना? आता त्याच्यासाठीच तो पाय मोडला तर त्याला बरं वाटेल का?"

बायकांनी माना हलवल्या. कुणीतरी हुंदका दिला. उर्केनला तिथून उठून जावंसं वाटलं, पण उठायचं तर लंगडायला हवं होतं.

यांगजी वाटीत गरम तेल घेऊन आली आणि त्याच्यासमोर बसली. "बघू, दाजी."

"नको."

"नको काय? घरात दुसरं कुणी आहे का करायला?" तिने नी-कॅप खाली सरकवली, अंगठा गुडघ्याच्या बाजूला रुतवला. "इथे दुखतं?"

"नाही."

"मग इथे?"

"नाही."

"मग कुठे दुखतं सांगा ना."

"कुठेच नाही."

"असंच म्हणतात," ती इतर बायकांकडे बघून म्हणाली. "तोही असंच म्हणायचा. बोटं काळी पडली तरी म्हणायचा, कुठे काय दुखतंय?"

तो जे सांगत होता ते खरं होतं आणि ते कुणी खरं मानत नव्हतं. पुढचं सांगायला हवं होतं, आणि त्यासाठी त्याची जीभ उचलत नव्हती. तिच्या हाताला तेल लागलं होतं. तिच्या नखांमध्ये चुलीची राख होती. झोप नसल्याने डोळे सुजलेले होते. ती त्याचा न दुखणारा गुडघा चोळत होती, आणि आतल्या खोलीत तिचा नवरा आणखी दोन दिवस थांबणार होता.

उर्केनने तिचा हात बाजूला केला. पायातली नी-कॅप ओढून काढली आणि तेलाच्या वाटीजवळ ठेवली. मग तो उठला आणि देवाच्या खोलीत गेला.

"मी नेतो," तो म्हणाला.

"दादा, उगीच हट्ट करू नका," ग्याल्जेन मागे आला. "वाटेत पाय गेला तर त्याचाही अपमान होईल."

उर्केन ऐकत नव्हता. तो देहाकडे पाठ करून उकिडवा बसला, दोर खांद्यांवरून घेतला, नाम्लो कपाळावर बसवला. दोघांनी मागून देह त्याच्या पाठीला बांधला. नामग्याल हाडापेराने मोठा होता. उर्केनने दोन्ही तळवे जमिनीवर रोवले, मग ते उचलून मांड्यांवर ठेवले आणि तो उठला. एका दमात, कुणाचा आधार न घेता, सरळ उठला.

त्या घरातले सगळे लहानपणापासून ओझी वाहत आले होते. उकिडवं बसून तेवढं वजन घेऊन उठायचं तर सगळा जोर गुडघ्यांवर येतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. दुखऱ्या गुडघ्याने पाठीवरची रिकामी टोपली, डोकोसुद्धा उचलता येत नाही. आंग फुती तेवढी म्हणाली, "बघा, देवाची करणी." तिच्या मागोमाग दुसरं कुणी काही म्हटलं नाही.

पुढे शंख आणि ढोल निघाले. उर्केन मागून चालला. वाट गावातून, मग वावरांच्या कडेने वर जाते. तो एकसारखी पावलं टाकत होता. आताही थोडं लंगडता आलं असतं. कुणी म्हटलं असतं, बिचारा, जिवावर उदार होऊन नेतोय. तो लंगडला नाही.

ह्याच चढणीवर छामजी याक चारायला यायची तेव्हा धाकट्या भावाला पाठीला बांधून आणायची. ती सांगायची, तो बटाट्याच्या पोत्याएवढा जड होता, आणि सगळी वाट तिची वेणी ओढायचा. उर्केनला तो भार आता पाठीवर कळत होता. त्याची मान वाकलेली होती आणि त्याला फक्त आपली पावलं दिसत होती.

ग्याल्जेन शेजारून चालत होता. बराच वेळ चालल्यावर तो म्हणाला, "गुडघा बरा झाला?"

"त्याला काही झालंच नव्हतं."

ढोल वाजत होता. ग्याल्जेनने त्याच्या पावलांकडे बघितलं. "मग का बसला होतात?"

"बर्फाखाली पाणी वाहत होतं."

ग्याल्जेनही त्या बर्फात म्हातारा व्हायला आलेला माणूस होता. त्याला आणखी सांगावं लागलं नाही. "नुसते बसून राहिला असतात तरी..." तो म्हणाला आणि थांबला.

"हो."

तू मला किचनमध्ये बसवणार होतास, हे उर्केनच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं. ग्याल्जेनचा त्यात काही दोष नव्हता. तसं बोलणं म्हणजे नुसतं आणखी एकदा लंगडणं झालं असतं.

मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंतीशी बायका थांबतात. त्यापुढे पुरुष जातात. तिथे यांगजी बायकांमधून बाहेर आली आणि वाटेत त्याच्यासमोर उभी राहिली. त्याला मान वर करता येत नव्हती. त्याला तिच्या चपला दिसत होत्या आणि एप्रनचा खालचा काठ.

"गुडघा धरलाच नव्हता. तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"त्याला खाली चल म्हटलं असतंत तर तो आला असता?"

"आला असता. का म्हणून विचारलंही नसतं."

"मग म्हटलं का नाहीत?"

मागे सगळं गाव उभं होतं. ढोल थांबला होता. उर्केनच्या कपाळावर नाम्लो रुतत होता.

"लाज वाटली," तो म्हणाला.

"कशाची?"

"मला भीती वाटली, हे सांगायची."

तिने शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. तिच्या चपला वाटेवर तशाच होत्या. मग त्या त्याच्या बाजूने मागे गेल्या. देहाच्या खांद्यावरून कापड घसरलं होतं ते तिने वर ओढलं, दोराच्या आत नीट खोचलं. तिचा हात क्षणभर त्याच्याही पाठीला लागला.

"चला," ती म्हणाली. "त्याला वाटेत थांबवू नका."

*

टेकडीवरून सगळे परत आले तेव्हा यांगजी दारात पाण्याचं भांडं घेऊन उभी होती. भांड्यात धुपीची फांदी होती. प्रत्येकाच्या हातांवर ती पाणी ओतत होती आणि प्रत्येकाला आत जेवायला या म्हणत होती. उर्केनच्या हातांवरही तिने पाणी ओतलं. नेणाऱ्या माणसाला पाणी द्यावंच लागतं. त्याला तिने आत या म्हटलं नाही. तिने भांडं पुढच्याकडे वळवलं.

दारातून त्याला चूल दिसली. तेलाची वाटी तिथेच होती, तेल गोठून पांढरं झालं होतं. नी-कॅप तिथे नव्हती.

तो घराकडे निघाला. गावातली माणसं यांगजीकडे होती, वाटेवर कुणी नव्हतं. वावराच्या बांधाशी आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण लंगडतोय. तो थांबला. दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून थोडा वेळ उभा राहिला. मग पुन्हा चालायला लागला. नीट चालत होता, पण त्यासाठी त्याला खाली बघत प्रत्येक पाऊल ठरवून टाकावं लागत होतं.